चाळीची सागवानी खिडकी : काढायची की दुरुस्त करायची?

माघ पौर्णिमेची वंदना झाली, खीर वाटून झाली आणि मंडळाच्या चिटणीसांनी सतरंजीवर एक कागद पसरला. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर विहार आहे. त्याच्या चार जुन्या खिडक्या काढून तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या, असे एका कंत्राटदाराचे ते कोटेशन होते. आकडा मोठा होता, पण खाली शेवटची ओळ होती : जुने लाकूड आम्ही फुकट उचलून नेऊ. ती ओळ ऐकून बहुतेकांना बरे वाटले. निदान भंगार टाकायचा खर्च तरी वाचला!

एकटे काका हसले. काका म्हणजे पहिल्या मजल्यावरचे आमचे जुने रहिवासी. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली. गाडीच्या डब्यांच्या लाकडी झडपा, बाके, दारे हेच त्यांचे काम. ते म्हणाले, "फुकट नेतो म्हणतो? अरे, उलट त्याच्याकडनं पैसे घ्या. त्या चौकटी बर्मा सागाच्या आहेत."

सभेत थोडी कुजबुज झाली. तरुण मंडळींचे म्हणणे चुकीचे नव्हते. खिडक्या रंगाच्या थरांनी जाड झालेल्या, दोन झडपा लागत नाहीत, एका काचेच्या जागी पुठ्ठा. बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेशेजारी ही कळा बरी दिसत नाही. शेवटी ठरले, महिनाभर थांबायचे. काकांनी चारही खिडक्या तपासायच्या आणि मग निर्णय घ्यायचा. त्या महिन्यात जे पाहिले, ऐकले आणि वाचले ते वाचक बंधु-भगिनींसाठी इथे मांडतो आहे. कारण हा प्रश्न एकट्या आमच्या चाळीचा नाही. महापालिकेच्या चाळी, रेल्वेच्या लाइनी, गिरण्यांच्या जुन्या चाळी, समाजाची वसतिगृहे आणि विहार, जिथे जिथे आपला माणूस शंभर वर्षांच्या भिंतीआड राहतो तिथे आज ना उद्या हे कोटेशन येणारच आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईच्या बी.आय.टी. चाळी कशासाठी बांधल्या गेल्या? १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा रोगी सापडला आणि पुढे शहर रिकामे होऊ लागले. गोऱ्या सरकारच्या ध्यानात आले की गरिबांच्या वस्त्यांत ऊन नाही, वारा नाही. १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. 'बी.आय.टी.' ही अक्षरे त्या ट्रस्टची. ट्रस्टने कोंदट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि काही चाळी उभ्या केल्या. पाडलेली घरे जास्त आणि बांधलेली कमी, ही टीका तेव्हाही झाली आणि ती खरी होती. उठवलेला गरीब बहुतेक वेळा शेजारच्या दाट वस्तीतच जाऊन कोंबला गेला. पण ज्या चाळी बांधल्या त्यांत उजेडाचा हिशेब होता. ट्रस्टचे चेअरमन जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला होता. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून तेवढ्या कोनात तिरकी रेघ वर काढली, तर ती समोरच्या इमारतीला न अडता आभाळाला भिडली पाहिजे. साध्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत ४० फूट उंच असेल तर मधली मोकळी जागा सुमारे २० फूट हवी. म्हणजे मधले पटांगण आणि त्यावर उघडणारी खिडकी ही या चाळींत शोभेची वस्तू नव्हती. हजारो माणसे मेल्यावर शहाणपण आले आणि त्या शहाणपणातून ती खिडकी आली.

परळच्या अशाच बी.आय.टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत, परमपूज्य बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. मधली परदेशातली वर्षे सोडली तर महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद या सगळ्या काळात त्यांच्या घराचा पत्ता ही चाळ होता. माता रमाईंचा संसार तिथलाच. तेव्हा आपल्या जुन्या चाळीची खिडकी म्हणजे नुसते लाकूड आणि काच, असे समजून कुणी भाव करू नये.

विहाराचे म्हणाल, तर खिडकीचा विचार आपल्या धम्मात फार जुना आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासाविषयी एक मोठा विभाग आहे. त्यात येते की विहार अंधारे होते, डोळ्यांना त्रास होई, दुर्गंधी येई. ही तक्रार कानावर गेल्यावर भगवंतांनी तीन तऱ्हेच्या खिडक्यांना अनुमती दिली : कठड्याची, जाळीची आणि उभ्या गजांची. मग खिडकीतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली, तेव्हा पडदे आले, तेही पुरेनात म्हणून झडपा आल्या. म्हणजे आधी अडचण, मग त्यावर उपाय, आणि त्या उपायातली अडचण दिसली की पुढचा उपाय. किती व्यवहारी दृष्टी आहे पाहा! त्याच चुल्लवग्गात निवासात राहणाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. थंडीत खिडक्या दिवसा उघडाव्यात, रात्री लावाव्यात. उन्हाळ्यात उलट, दिवसा लावाव्यात आणि रात्री उघडाव्यात. ज्या बाजूने धुळीचा वारा येईल त्या बाजूची खिडकी लावावी. खिडकीच्या कोपऱ्यातली धूळसुद्धा पुसून काढावी. आमच्या आजी उन्हाळ्यात दुपारी झडपा ओढून घेत आणि दिवेलागणीला उघडत. त्यांना चुल्लवग्ग ठाऊक नव्हता, पण त्यांची झडप उघडत-मिटत होती, म्हणून हे करता येत होते.

आता सरकत्या खिडकीकडे वळू. आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी तीन वर्षांपूर्वी अ‍ॅल्युमिनियमची खिडकी बसवून घेतली. दिसायला छान, पुसायला सोपी, किडा-वाळवीची भीती नाही, रंगाचा खर्च नाही. हे गुण खरेच आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिल्याच मे महिन्यात त्यांच्या लक्षात आले की खिडकी कशीही सरकवा, निम्मीच उघडते. दोन पन्हळींची खिडकी असेल तर एक काच नेहमी दुसरीच्या मागे उभी राहते. जुनी लाकडी खिडकी बिजागरीवर सताड उघडत होती. वरच्या हवेच्या झरोक्यात नवी काच पक्की बसवून टाकली होती, म्हणजे छताजवळची गरम हवा जायची वाटही बंद. आणि जुन्या झडपांत तिरक्या पट्ट्यांची झिलमिली होती. पाऊस लागला तरी झडप लावून वारा घेता येई, बाई माणसाला गॅलरीतून जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर लागत नसे. काचेच्या खिडकीला मग पडदा लावावा लागतो, आणि पडदा लावला की उरलेला निम्मा वाराही गेला.

पावसाळ्यात दुसरे दुखणे निघाले. खालच्या पन्हळीत पाणी साचून आत येऊ लागले. त्या पन्हळीला पाणी बाहेर जायला बारीक भोके असतात. ती धुळीने बुजली होती. ती खराट्याच्या काडीने मोकळी करता येतात, हे बसवणाऱ्याने सांगितलेच नव्हते. पण भिंतीच्या कडेने जे पाणी झिरपत होते त्याला काडीचा उपाय नव्हता. जुनी चौकट भिंतीत बांधकामाच्या वेळीच बसवलेली असते, तिची टोके विटांत गाडलेली असतात. ती घणाने काढताना आजूबाजूच्या विटा आणि चुना हलतो. मग ते भगदाड सिमेंटने भरतात. जुना चुना आणि नवे सिमेंट यांचा संसार काही नीट जमत नाही. चीर पडते आणि पाणी वाट काढते.

त्याच घरात धाकट्या मुलीला क्षयाचे औषध सुरू झाले. खिडकीमुळे क्षय झाला असे कुणी म्हणणार नाही. पण दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, "घरात वारा खेळतो का?" हा. खोकताना उडणारे जंतू बंद खोलीतल्या हवेत तासन् तास राहतात. वारा आला की ते विरळ होतात, उन्हाने मरतात. गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या पुनर्वसनाच्या इमारतींची एक पाहणी २०१८ मध्ये गाजली होती. एकमेकींना चिकटून उभ्या केलेल्या इमारती, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि घरोघर क्षय. १८९६ च्या प्लेगने जे शिकवले ते शंभर वर्षांनी आपण विसरलो. मुलगी आता बरी आहे, औषधाचा पूर्ण कोर्स झाला. मात्र वहिनींच्या मनात ती निम्मी खिडकी राहून गेली.

इकडे काकांनी विहाराच्या खिडक्या तपासल्या. हत्यार एकच, जुना स्क्रू ड्रायव्हर. चौकटीच्या आणि झडपेच्या लाकडात ते ठिकठिकाणी टोचून पाहात. टोक आत गेले नाही तर लाकूड जिवंत. भसकन् गेले तर कुजलेले. ते म्हणतात, "रंग निघालाय म्हणून खिडकी मेली असं नसतं. माणसाचा सदरा फाटला तर माणूस टाकतो का आपण?" चारपैकी तीन खिडक्यांत कूज होती ती फक्त खालच्या दोन-तीन इंचांत. पाणी वरून येते आणि खालच्या आडव्या लाकडावर थांबते, त्यामुळे खिडकी नेहमी खालून मरते. वरचे सगळे लाकूड टणक. जुना साग जंगलात सावकाश वाढलेला, त्याचा गाभा घट्ट आणि तेलकट, म्हणून तो पाण्याला आणि किडीला दाद देत नाही. आता बाजारात मिळणारा लागवडीचा साग पुष्कळदा कोवळा तोडलेला असतो आणि त्यात बाहेरचा पांढरा, कच्चा भाग जास्त असतो. म्हणजे जे काढून टाकायचे ते चांगले आणि जे आणायचे ते हलके, असा हा सौदा. पाडलेल्या इमारतींच्या असल्याच चौकटींची टेबले आणि कपाटे करून चोर बाजारात आणि ओशिवऱ्याला विकतात. त्यांचे भाव एकदा विचारून या, मग 'फुकट उचलून नेऊ' या शब्दांचा अर्थ कळेल.

दुरुस्तीचे काम आम्ही चैत्रात काढले. त्याला कारण आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, झडप अडकते आणि मग लोक रंधा मारून ती तासतात. उन्हाळ्यात तीच झडप आक्रसते आणि बोटभर फट पडते. म्हणून रंधा मारायचाच तर लाकूड कोरडे असताना, तोही बेताने. आमच्या झडपा अडकत होत्या त्या रंगाच्या थरांमुळेच. दर दिवाळीला, दर जयंतीला जुन्या रंगावर नवा रंग. तो खरवडून काढल्यावर दोन्ही झडपा आपसूक लागू लागल्या.

भगिनींनी इथे विशेष लक्ष द्यावे. जुन्या तैलरंगात शिसे असते. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या अखेरीपासून तो लागू आहे. त्याआधीच्या थरांची खात्री देता येत नाही. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला घातक असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, दिव्याने जाळू तर मुळीच नये. पाणी मारून ओला खरवडावा, खाली जुने प्लॅस्टिक अंथरावे, नाकाला मास्क लावावा आणि लादी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. काम चालू असताना मुले आणि गरोदर बायका त्या खोलीत नकोत. आमच्याकडे चार दिवस विहाराला कुलूप होते. बालवर्ग गच्चीवर भरला आणि मुलांना तेच जास्त आवडले.

कुजलेला खालचा भाग काकांनी चांगले लाकूड लागेपर्यंत तिरका कापला आणि तेवढाच नवा सागाचा तुकडा सांध्यात बसवला. नवा तुकडा जुन्या सागाचाच हवा. तो चौथ्या खिडकीने दिला, कारण तिची चौकट वाळवीने आतून पोखरली होती आणि ती वाचणारी नव्हती. बिजागऱ्या पितळेच्या निघाल्या, काळ्या पडलेल्या. त्या घासून पुन्हा बसवल्या. स्क्रूची भोके सैल झाली होती, त्यांत सागाची चिमटी सरसात बुडवून ठोकली आणि त्यातच स्क्रू पिळले. लोंबणारी झडप दहा रुपयांच्या सामानात उभी राहिली. फुटकी काच तेवढी नवी आणली. काचेभोवतीची लांबी काकांनी घरीच मळली, खडूची बारीक भुकटी आणि जवसाचे तेल. कणकेसारखी मळायची आणि हाताला चिकटेनाशी झाली की लावायची. आठवडाभर ती सुकू दिली, मग रंग. खिडकीच्या बाहेर आलेल्या खालच्या लाकडाला तळाशी एक बारीक खाच असते. तिच्यामुळे पाणी भिंतीकडे न वळता खाली टपकते. चारही ठिकाणी ती खाच रंगाने बुजली होती. ती कोरून मोकळी केली. इतक्या छोट्या गोष्टीने भिंतीची ओल थांबते, यावर चिटणीसांचा पावसाळ्यापर्यंत विश्वास बसला नव्हता.

सगळा खर्च कंत्राटदाराच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी झाला. अर्थात काकांनी मजुरी घेतली नाही, हेही सांगायला हवे. बाहेरचा सुतार लावला असता तर फरक इतका पडला नसता. तरी दुरुस्तीच परवडली असती असे माझे मत आहे, कारण सागाची खिडकी दर चार-पाच वर्षांनी रंगाचा हात मागते, पण ती तुकड्या-तुकड्याने दुरुस्त होते. सरकत्या खिडकीची चाके झिजली आणि त्या मापाची बाजारात मिळाली नाहीत, तर अख्खी खिडकीच बदलावी लागते.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला ज्या घरात राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. त्या देशात ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या इमारतीची खिडकी मालकालाही परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि जुनी खिडकी आधी दुरुस्त करा असाच तिथल्या जाणत्यांचा सल्ला असतो. दोराला वजने बांधून वर-खाली सरकणाऱ्या त्यांच्या लाकडी खिडक्या शंभर-दीडशे वर्षे चालतात. पैसेवाला देश दुरुस्ती करतो आणि आपण गरीब असून फेकतो! आपल्याकडे मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींचे नियम आहेत. यादीतल्या इमारतीत दर्शनी बदल करण्याआधी परवानगी लागते. आपल्या बहुतेक चाळी त्या यादीत नाहीत, पण महापालिकेच्या चाळीत भाडेकरूने चौकट काढण्याआधी वॉर्ड ऑफिसला लेखी विचारावे आणि पोचपावती ठेवावी. दुरुस्ती करून द्या असा अर्जही तिथेच करावा. तो आपला हक्क आहे.

आणि इमारतच धोकादायक ठरली असेल तर खिडकीवर पैसा घालू नका, आधी जीव वाचवा. बी.डी.डी. चाळींसारखा पुनर्विकास चालू असेल तिथेही हा हिशेब निराळा. मात्र नव्या घराचा नकाशा दाखवतील तेव्हा स्वयंपाकघराची आणि न्हाणीची खिडकी कुठे उघडते आणि समोरची भिंत किती फुटांवर आहे, हे बायकांनी विचारलेच पाहिजे.

काकांच्या कामाविषयी एक सांगायचे राहिले. सुतारकी हा जातीचा धंदा, आपल्या माणसाला तो कुणी शिकवला नसता. काका तो शिकले वर्कशॉपमध्ये, यंत्रावर. कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्या भव्य कमानीच्या खिडकीतून स्तूपावर उजेड पडतो, तिथल्या छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. त्याच लेण्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे, वेणुवासाच्या मुलाचे, नाव कोरलेले आहे. दाराचे काम त्याचे दान होते. राजे-सावकारांच्या रांगेत एक सुतार! चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची गोष्ट आहे. त्याने संघासाठी स्वतःच्या हाताने भिंत बांधायला घेतली आणि ती तीनदा कोसळली. त्याने चिडून म्हटले की श्रीमंत दात्यांना सगळे मार्ग दाखवतात, मला गरिबाला कुणी शिकवत नाही. हे ऐकून भगवंतांनी नियम केला की बांधकामावर देखरेख करायला भिक्खू नेमावा. ही गोष्ट मी काकांना सांगितली तेव्हा त्यांनी रंधा खाली ठेवला आणि म्हणाले, "तीनदा बांधली त्यानं? मग शिकला असेल."

काकांच्या हाताखाली आता चाळीतली दोन मुले आणि एक मुलगी शिकते आहे. मुलीची लांबी सगळ्यांत चांगली मळली जाते.

जयंतीला विहाराच्या तीन खिडक्या नव्या निळ्या रंगात सताड उघड्या होत्या. चौथ्या जागी सध्या प्लायवूड आहे. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी काकांना घरी घेऊन गेल्या. त्यांच्या जुन्या झडपा कंत्राटदाराने नेल्या नव्हत्या. सासूबाईंनी त्या हट्टाने ठेवून घेतल्या होत्या आणि पोटमाळ्यावर त्यांचीच फळी करून वर गाद्या रचल्या होत्या. काकांनी गाद्या खाली काढायला लावल्या, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि एकेक झडप टोचून पाहिली. तीन चांगल्या आहेत, एक गेली आहे. चौकट मात्र नवी करावी लागेल. वहिनींनी पावसाळ्याआधीची तारीख मागून घेतली आहे.